रोगणाचा शेवटचा हात

(ज्युबिलीच्या सभेंत कर्वेनगर येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या सभेंत आम्हां चौघांनीं कांहीं बोलावें अशी आज्ञा झाली, तेव्हां आम्ही प्रथम संकोचलों. आमच्यांत कोणी पंडित नाहीं, कोणी वक्ता नाहीं. एक शाळामास्तर, एक बँकेंतील कारकून, एक विजेचीं कामें करणारा आणि एक नुकताच कॉलेजांतून बाहेर पडलेला तरुण, असे आम्ही चौघे आहों. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या हातून एक काम घडलें, मग बिघडलें आणि नंतर पुन्हां घडलें. त्या कामाची हकीकत सांगावी, आणि हातानें बांधलेल्या लांकडी होडीला गुळगुळीत रोगण कसें द्यावें ह्याविषयीं जें थोडेंबहुत ज्ञान आम्हांस मिळालें तें आपणांपुढें ठेवावें, एवढाच आमचा हेतु आहे.

कर्वेनगरांत होडीचें काय काम, असें कोणी विचारील. परंतु ज्यांच्या नांवानें हें नगर ओळखलें जातें ते महर्षि धोंडो केशव कर्वे मूळचे कोंकणांतील मुरूडचे. समुद्रकांठीं वाढलेले हे गृहस्थ १९०० सालीं आपला आश्रम हिंगण्याच्या माळावरील एका झोपडींत घेऊन आले, आणि त्या माळाचें पुढें हें नगर झालें. आपल्यांपैकीं कित्येकांचीं कुटुंबेंहि वसईकडून नोकरीधंद्यानिमित्त येथें आलेलीं आहेत. शिवाय मुठा नदी आपल्या उशाशींच वाहते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत हाहाकार उडाला, आणि २५ जुलै २०२४ रोजीं पलीकडच्या तीरावरील एकतानगरींत पाणी शिरलें तेव्हां माणसांना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. तेव्हां होडी ही आपणांस अगदींच परकी वस्तु आहे असें म्हणतां येणार नाहीं.

आमच्या होडीचे कर्ते वसईच्या किनाऱ्यावरील एक वृद्ध कारागीर होते. त्यांचें नांव सभेंत घेऊं नये अशी त्यांच्या घरच्यांची इच्छा आहे. आम्ही त्यांना बाबा म्हणत असूं, आणि ते आम्हांस, आमच्यांतील दोघांचे केस पिकलेले असूनहि, ‘पोरांनो’ म्हणत. लहानपणापासून होड्या बांधण्यांत त्यांचें आयुष्य गेलें होतें. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं दृष्टि मंदावली, म्हणून ते कर्वेनगरांत लेकीकडे राहावयास आले. परंतु हात स्वस्थ बसेनात. आपल्या गांवच्या मुलांना खाडींत वल्हविणें शिकतां यावें म्हणून एक लहान होडी बांधून पाठवावी, असें त्यांनीं मनांत घेतलें. भवानी पेठेंतील टिंबर मार्केटांत एका पाडलेल्या वाड्याचें जुनें सागवान मिळालें. इमारतीच्या खालीं, जेथें मोटारी उभ्या राहतात तेथें, एका कोपऱ्यांत त्यांनीं पठाण मांडला, आणि आम्ही संध्याकाळीं व रविवारीं मिस्सेनंतर त्यांच्या हाताखालीं राबूं लागलों. फळ्या रंधून बसविल्या, सांध्यांत तेलांत भिजविलेला कापूस ठोकून भरला, आणि जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत अकरा फुटांची होडी उभी राहिली. राहिलें होतें केवळ रोगण.

होडीला लेप देण्याची चाल फार जुनी आहे. नोहाला तारूं बांधण्याची आज्ञा झाली, तिच्यांतच तें आंतून व बाहेरून लेपण्याची आज्ञाहि होती, हें आपण उत्पत्तीच्या पुस्तकांत वाचलें आहे. आपल्या किनाऱ्यावर कोळी बांधव होडीच्या फळ्यांना माशांचें तेल चोपडीत आले, आणि पाण्याखालच्या भागास चुना व चरबी एकत्र करून लावीत आले. लांकूड पोंखरणारे समुद्रांतील किडे दूर ठेवणें हा त्यांतील हेतु. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें सागवानी जहाज १८१७ सालीं पाण्यांत लोटलें गेलें. तें दोनशें वर्षांनंतरहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. अलीकडे गोव्यांत, अजिंठ्याच्या एका प्राचीन चित्रावरून, फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवून ‘कौंडिण्य’ ही नौका बांधण्यांत आली, आणि २१ मे २०२५ रोजीं ती कारवार येथें आपल्या नौदलांत दाखल झाली. तिच्याहि बांधणींत राळेचा उपयोग केलेला आहे. तात्पर्य, लांकूड कितीहि उत्तम असो, त्यास आवरण पाहिजे, आणि तें आवरण माणसाच्या हातानें वेळोवेळीं दिलें गेलें पाहिजे.

आतां आमच्या चुकीची गोष्ट सांगतों. २९ जून हा संत पेत्र व संत पौल ह्यांचा सण. पेत्र हा मासे धरणारा. तेव्हां त्याच्या सणाच्या दिवशीं होडीस आशीर्वाद मिळावा असें आम्ही ठरविलें, फादरांना सांगितलें आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणींहि केलीं. बाबा म्हणाले, “पोरांनो, पाऊस लागला आहे. दिवाळीपर्यंत थांबा. तुमची घाई तुमच्या हातांत आहे. लांकडाची घाई कोणाच्याच हातांत नसते.” आम्ही ऐकलें नाहीं. सण पुढें ढकलतां येत नाहीं, हें कारण आम्हांस पुरेसें वाटलें.

दमट हवेंत, ओलसर फळ्यांवर, मेज-खुर्च्यांसाठीं असतें तें घरगुती रोगण आणून आम्हीं दोन रात्रींत दोन जाड हात दिले. दिव्याभोंवतीं पावसाळी पाखरें जमलीं आणि तीं ओल्या रोगणांत चिकटून बसलीं. सणाच्या दिवशीं होडी दुरून चकचकीत दिसत होती. लोकांनीं वाहवा केली. बाबांनीं मात्र जवळ येऊन तिच्या कडेवरून तळहात फिरविला, हात मागें घेतला आणि ते कांहीं न बोलतां खुर्चीवर जाऊन बसले. त्या न बोलण्याचा अर्थ आम्हांस महिन्याभरांत कळला. रोगणाखालीं दुधासारखे पांढुरके डाग उमटले. गणपतीच्या सुमारास तें कांद्याच्या पापुद्र्याप्रमाणें सुटूं लागलें.

अशा वेळीं मनुष्याला झांकपाक करण्याचा मोह होतो. आमच्यांतील एकानें सुचविलें कीं, वरवर घासून, खळगे लांबीनें भरून, निळा तेलरंग द्यावा म्हणजे कोणास कांहीं दिसणार नाहीं. बाबा म्हणाले, “रंगाला माझी ना नाहीं. आमच्याकडे रंगविलेल्या होड्या पुष्कळ आहेत. पण खोट झांकण्यासाठीं रंग देऊं नका. आंत ओल राहिली तर फळी रंगाखालीं कुजेल, आणि तुम्हांस तें दिसणार नाहीं. आणि ह्या होडींत मुलें बसणार आहेत.” हें शेवटचें वाक्य ऐकल्यावर आमच्यांतील कोणीहि पुन्हां रंगाचें नांव काढलें नाहीं. दिवाळीनंतर आम्ही पोलादी पातीं हातांत घेतलीं आणि होडी मूळ लांकडापर्यंत खरवडून काढिली. दोन रात्रींत केलेलें काम काढून टाकावयास चार आठवडे लागले.

त्यानंतर बाबांनीं जें शिकविलें, आणि जाणत्यांस विचारून जें आम्हांस समजलें, तें क्रमानें सांगतों. घरचें लांकडी सामान स्वतः करणाऱ्यांसहि त्याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट ऋतूची. पुण्यांत ह्या कामास नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यांत ओल नडते. उन्हाळ्यांत रोगण कुंचल्याखालींच आळूं लागतें, त्यांत बुडबुडे राहतात. हिंवाळ्यांतहि पहांटेच्या गारठ्यांत काम करूं नये. सुमारें दहा वाजतां आरंभ करून दुपारीं एकच्या आंत संपवावें, म्हणजे संध्याकाळचें दंव पडण्यापूर्वीं आणि दिव्यावर पाखरें येण्यापूर्वीं वरचा थर धरतो. होडी सांवलींत असावी, आणि वारा थेट अंगावर येऊं नये.

दुसरी गोष्ट लांकूड कोरडें असण्याची. फळीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनीं चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळीं त्याच्या आंतील बाजूस दंव जमलेलें दिसलें तर लांकूड अद्याप ओलें आहे असें समजावें. ही परीक्षा जूनमध्यें केली असती तर आमची सारी फजीती टळली असती.

तिसरी गोष्ट घासण्याची. गुळगुळीतपणा रोगणानें येतो अशी आमची समजूत होती. ती अगदीं उलटी आहे. रंगाखालीं लांबी भरून खोट लपवितां येते. रोगण हें कांचेसारखें असतें, आणि खालचा प्रत्येक ओरखडा तें अधिकच ठळक करून दाखवितें. म्हणून ८० नंबरच्या पॉलिशपेपरापासून आरंभ करून १२०, १८० आणि शेवटीं २२० असें क्रमानें जावें, आणि घासणें नेहमीं लांकडाच्या रेषांच्या दिशेनेंच असावें. मधला एखादा नंबर गाळला तर आधींच्या कागदाचे ओरखडे तसेच राहतात. मग ओल्या फडक्यानें फळी पुसून वाळूं द्यावी. त्यामुळें दबलेले तंतु उभे राहतात. ते पुन्हां हलक्या हातानें घासून काढावे. ह्या वेळीं नाकातोंडावर मास्क अवश्य बांधावा, कारण सागवानाची पूड छातीस बाधते.

दृष्टि मंद झाल्यामुळें बाबा डोळ्यांवर विसंबत नसत. डोळे मिटून ते तळहात होडीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सावकाश नेत, आणि मध्येंच थांबून म्हणत, “येथें.” आम्ही विजेरी आडवी धरून पाहिलें म्हणजे तेथें खरोखरच केंसाएवढी रेघ दिसे. पुढें आम्हांसहि ती संवय लागली. काम करणाऱ्याचे डोळे आपल्या कामाकडे ममतेनें पाहतात. तळहाताला ती ममता नसते.

चौथी गोष्ट सागवानाच्या तेलाची. सागवानांत निसर्गतःच तेल असतें. त्यामुळेंच तें पाण्यांत टिकतें, परंतु त्याच तेलामुळें रोगण त्यावर नीट धरत नाहीं. म्हणून पहिला हात देण्यापूर्वीं स्वच्छ फडक्यावर थिनर घेऊन फळी पुसावी, फडकें पिंवळें पडलें कीं बदलावें, आणि लांकूड सुकतांच, फार वेळ न दवडतां, रोगणास आरंभ करावा. नाहीं तर आंतलें तेल पुन्हां वर येतें.

पांचवी गोष्ट योग्य रोगण निवडण्याची. रोगण, ज्यास बाजारांत व्हार्निश म्हणतात, तें मुख्यतः तेल, राळ आणि पातळ करणारें द्रव्य ह्यांचें मिश्रण असतें. पातळ करणारें द्रव्य उडून जातें, तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें, आणि राळेमुळें कठीणपणा व चकाकी येते. लाखेचें पॉलिश कपाटावर सुंदर दिसतें, परंतु पाणी लागतांच पांढरें पडतें. तें होडीच्या कामाचें नाहीं. घरांतील सामानाचें कडक रोगणहि उपयोगी नाहीं. होडीचें लांकूड उन्हानें आकसतें आणि पाण्यानें फुगतें. त्याबरोबर ताणलें जाईल असें लवचीक रोगण पाहिजे, आणि त्यांत सूर्याचे अतिनील किरण शोषणारें द्रव्य असावें. लांकडाच्या तंतूंना एकत्र धरून ठेवणारें जें द्रव्य आहे तें ह्या किरणांनीं झिजतें. मग वरचें रोगण कितीहि चांगलें असो, त्याच्या पायाखालची जमीनच सरकते.

सहावी गोष्ट हात देण्याची. डबा हलवूं नये, हलविल्यानें बुडबुडे होतात. काडीनें सावकाश ढवळावा. लागेल तेवढेंच रोगण बारीक कापडांतून गाळून दुसऱ्या भांड्यांत घ्यावें आणि उरलेलें पुन्हां डब्यांत ओतूं नये. पहिल्या हातासाठीं रोगणांत जवळजवळ तितकेंच टर्पेंटाइन घालावें म्हणजे तें लांकडांत मुरतें. दुसऱ्यांत चौथाई, तिसऱ्यांत दहावा हिस्सा, आणि पुढें जसेंच्या तसें. जमिनीवर पाण्याचा सडा शिंपडावा म्हणजे धूळ उडत नाहीं. कुंचला तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच बुडवावा. एकानें रोगण लावीत पुढें जावें, आणि दुसऱ्यानें मागून कोरड्या कुंचल्याच्या टोंकानें, अगदीं हलक्या हातानें, रेषांच्या दिशेनें तें सारखें करीत यावें. ओली कड सुकूं न देतां एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जावें. मागें एखादी चूक दिसली तरी परत जाऊं नये. अर्धवट आळलेल्या रोगणावर कुंचला फिरविला तर लहान डागाचा मोठा डाग होतो. ती चूक उद्यां घासून काढतां येते. उभ्या बाजूंवर थर पातळच ठेवावा, नाहीं तर ओघळ येतात.

दोन हातांच्या मध्यें निदान एक दिवस जाऊं द्यावा, आणि मग ३२० नंबरच्या कागदानें हलकेंच घासावें. घासतांना पांढरी कोरडी पूड पडली तर थर पिकला आहे. कागदावर गोळ्या जमूं लागल्या तर तो कच्चा आहे, आणखी थांबावें. आम्हीं असे आठ हात दिले. एकूण सात आठवडे लागले, कारण गारठ्यामुळें कित्येकदां दोन-तीन दिवस थांबावें लागलें. आणखी एक सूचना, विशेषतः घरांत मुलेंबाळें असतील त्यांच्यासाठीं. जवसाच्या तेलाचीं किंवा रोगणाचीं फडकीं बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत; तीं आपोआप तापून पेट घेऊं शकतात. तीं उघड्यावर पसरून वाळवावींत, किंवा पाण्यानें भरलेल्या डब्यांत ठेवावींत.

जानेवारीच्या अखेरीस आठवा हात पडला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाबा खालीं आले. आम्ही चौघेहि शाळेंत परीक्षेच्या निकालासाठीं उभे असावे तसे उभे होतों. त्यांनीं डोळे मिटले, पुढच्या नाळेपासून मागपर्यंत तळहात नेला, आणि तो कोठेंहि थांबला नाहीं. मग ते म्हणाले, “आतां ही मुलांना द्यावयास हरकत नाहीं.” एवढीच त्यांची शाबासकी. फेब्रुवारींत टेंपोंतून होडी वसईस गेली. त्यांच्या गांवच्या मुलांनीं ती खाडींत उतरविली तेव्हां बाबा कांठावर होते. त्यांस ती नीट दिसली नसावी, परंतु मुलांचा गलका ऐकूं येत होता. पुढें उपवासकाळांतच प्रभूनें त्यांस आपल्याकडे बोलावून घेतलें.

पण काम तेथें संपत नाहीं, आणि हेंच आम्हांस शेवटीं सांगावयाचें आहे. ज्यास आम्ही शेवटचा हात म्हणत होतों तो शेवटचा नव्हे. ऊन रोगणाला रोज थोडें थोडें खातें. चकाकी मंद होऊं लागतांच, थर फुटण्याच्या आधीं, हलकेंच घासून दोन नवे हात दिले तर खालचें लांकूड वर्षानुवर्षें निर्धास्त राहतें. एक-दोन वर्षें हयगय केली तर मात्र पुन्हां मूळ लांकडापर्यंत खरवडणें आलें. म्हणून खेळ झाल्यावर होडी गोड्या पाण्यानें धुवून, पुसून, सांवलींत ओढून ठेवण्यास मुलांना शिकविलें आहे, आणि ओरखडा दिसतांच त्यावर रोगणाचा टिपका लावण्यासाठीं एक लहान डबी त्यांच्याजवळ ठेविली आहे. यंदां नोव्हेंबरांत आमच्यांतील दोघे वसईस जाऊन दोन हात देऊन आले. होडीच्या कडेवरून हात फिरवितांना त्यांनीं आपोआप डोळे मिटून घेतले, असें ते सांगतात.

बंधूंनो, ज्या दालनांत बसून आपण मिस्सा ऐकतों त्यास युरोपांतील भाषांत जें नांव आहे तें लॅटिनमधील नौका ह्या अर्थाच्या शब्दावरून पडलेलें आहे. आपला धर्मग्रामहि अशीच हातानें बांधलेली नौका आहे, आणि ज्युबिली हा तिच्यावर नवा हात देण्याचा प्रसंग आहे. महोत्सव चकचकीत व्हावा असें कोणास वाटणार नाहीं? आम्हांसहि वाटतें. परंतु आधीं जुनें सुटलेलें खरवडावें, ओल कोठें आहे तें पाहावें, एकमेकांशीं धरलेले अबोले घासून सारखे करावे, आणि मगच वरचें रोगण द्यावें. घाईनें दिलेलें टिकत नाहीं, हें आम्हीं एकदां पाहिलें आहे.

आमच्या तरुण मुलांपैकीं ज्यांस हें काम शिकण्याची इच्छा असेल त्यांनीं पुढील नोव्हेंबरांत आमच्याबरोबर वसईस यावें. कुंचले आम्ही देऊं. तळहात मात्र ज्यानें त्यानें आपला आणावा.